चार बोटं आटवलेलं पाणी

लास मोरासच्या मजूरवस्तीत बाळाच्या दुधासाठी पाणी कसं उकळायचं हे पोरी आईकडून शिकत नसत आणि सासूकडूनही नाही. ते शिकायचं ओब्दुलियाकडून. पातेलं भरायचं, उकळी फुटली की झाकण बाजूला काढायचं आणि पाणी चार बोटं आटेपर्यंत गॅस बारीक करायचा नाही. एखादी कंटाळून दोन बोटांवर थांबली तर शेजारीण कुंपणापलीकडून ओरडायची, "काय गं, एवढी कसली घाई? दोन्या ओब्दुलियाला सांगू का?" सांगायची वेळ येत नसे. तिचं नाव काढलं की गॅस पुन्हा मोठा व्हायचा.

हे तिला तरी कुणी शिकवलं होतं? कुणी नाही. बारा वर्षांपूर्वी वस्तीच्या एकुलत्या एक बोअरचा पाइप तडकला, नळाला गढूळ पाणी आलं आणि आठवड्याभरात अकरा माणसं जुलाबानं इस्पितळात गेली. काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी कचेरीचा, माणूस आला आणि गाडीतून न उतरताच सांगून गेला, "पाणी एक मिनिट उकळा." एक मिनिट! ओब्दुलिया तेव्हा संत्र्यांच्या पॅकिंग शेडमध्ये दिवसाचे दहा तास उभ्यानं काढत होती आणि गाडीतून न उतरणाऱ्या माणसांची तिला मुळातच चीड होती. एका मिनिटात अंडं शिजत नाही, जंतू काय मरणार, असं म्हणत तिनं चर्चच्या अंगणात मक्याचे तामाले उकडायचं भलंमोठं पातेलं चुलीवर चढवलं, वस्तीतल्या झाडून सगळ्या बायका गोळा केल्या आणि स्वतःच्या अकलेनं चार बोटांचा नियम घालून दिला. जुलाब थांबले. पाइप दुरुस्त झाला म्हणून थांबले की तिच्या पातेल्यामुळे, हे बघत कोण बसतंय? लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. वयामुळे तिला मानानं दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणायचेच, त्या दिवसापासून मनापासून म्हणायला लागले.

पुढं चार वर्षांनी दुसरंच निघालं. बोअरच्या पाण्यात नायट्रेट आहे, मर्यादेच्या दुप्पट. निघणारच की. तिन्ही बाजूंनी संत्र्यांच्या बागा, बागांना पोत्यांनी खत, आणि चौथ्या बाजूला हजार हजार गायींचे गोठे. ते सगळं जिरणार कुठं? आमच्याच पायाखाली. दोन मैलांवरच्या शहरात स्वच्छ पाण्याची लाइन होती. ती आमच्या नव्वद घरांपर्यंत आणा, एवढंच मागणं. त्यासाठी ओब्दुलियानं पाणी समिती काढली, सह्या जमवल्या, पॅकिंग शेडमधली रजा टाकून टाकून काउंटीच्या पायऱ्या झिजवल्या. दर तीन महिन्यांनी काउंटीची नोटीस यायची, दोन पानी, इंग्रजीत. शेजारचा एक जण पहिलं पान वाचून दाखवायचा: पाण्यात नायट्रेट आहे. तिला तेवढं पुरे होतं. नोटीस फायलीत जायची आणि पुढच्या सभेत ती फाइल टेबलावर आपटून ओब्दुलिया गरजायची, "हे घ्या, तुमच्याच हातचं लिहिलेलं!" दुसरं पान उलटून बघावं असं कुणाच्या मनात आलं नाही. तुमच्याआमच्याही आलं नसतं.

आणि मग एप्रिलमध्ये नेरेइदाची मुलगी गेली. मारेली नाव होतं. सात आठवड्यांची होती.

नेरेइदा ही ओब्दुलियाची धर्मलेक. बाप्तिस्म्याला तिला ओब्दुलियानंच हातांवर धरलं होतं, आणि पोरीची आई वारल्यावर वाढवलंही तिनंच. त्यामुळे नेरेइदाच्या तोंडी माद्रिना, म्हणजे धर्ममाता, हा शब्द दुसऱ्या कुणी आई म्हणावं तसा यायचा. बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात ती द्राक्षांच्या मळ्यावर कामाला गेली. न जाऊन सांगते कुणाला? तिथं तिचं दूध आटलं. मग डब्याचं दूध सुरू झालं, नळाच्या पाण्यात कालवलेलं. पाणी अर्थातच उकळलेलं; चार बोटं आटवलं की नायट्रेटही मरतं अशीच सगळ्यांची समजूत.

पहिल्यांदा बाळाचे ओठ निळसर दिसले. थंडी असेल म्हणून नेरेइदानं आणखी एक दुपटं गुंडाळलं. मग नखं निळी झाली. मग बाळ रडेनासं झालं, आणि किती शहाणं बाळ आहे म्हणून सासूनं, रुफिनानं, कौतुकही केलं. इस्पितळात सुई टोचली तर रक्त चॉकलेटसारखं तपकिरी निघालं. डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा, आणि कागदावर नायट्रेट लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं संपलं.

नऊ दिवस घरात जपमाळ चालली, आणि नऊही दिवस रुफिनाची जीभ. "आळस, दुसरं काय! चार बोटं कुठली आटवतेय? दोनावरच गॅस बंद करत असणार. महाराणीला झोप प्यारी." हे ती सुनेला ऐकू जाईल अशाच बेतानं बोलायची. तिचा मुलगा, म्हणजे नेरेइदाचा नवरा एलादिओ, भिंतीला टेकून ऐकत बसायचा.

नवव्या दिवशी भांडी घासता घासता नेरेइदानं ओब्दुलियाचा हात धरला. "माद्रिना, मी चार बोटांवर कधीच थांबले नाही गं. बाळाचं म्हणून अर्धं पातेलं आटवायचे. अर्धं! देवाशपथ."

"मला माहीत आहे, पोरी. तुझ्यासारखं आख्ख्या वस्तीत कुणी उकळत नाही," ओब्दुलिया म्हणाली. म्हणताना तिला थोडा अभिमानही वाटला. पुढं तिला सगळ्यात जास्त छळलं ते त्या अभिमानानं.

आठ वर्षांच्या सह्यांनी जे झालं नाही ते एका एवढ्याशा शवपेटीनं झालं. काउंटीनं जूनमध्ये जाहीर सुनावणी लावली. काउंटीचे निवडून आलेले पाच सुपरवायझर मतदान करणार, पाइपलाइन द्यायची की नाही. समितीची वकील लेदेस्मा ही तरुण बाई, तिची आजी कापूस वेचायची. ती नेरेइदाकडे आली, मारेलीचा फोटो मागितला आणि मोठा करून छापून आणला. "तुला बोलावं लागेल," ती नेरेइदाला म्हणाली. नेरेइदानं होकाराची मान हलवली. ओब्दुलियाला हे सगळं शिसारी आणणारं वाटत होतं, पण फोटो चिकटवायला खळ तिनंच केली.

सुनावणीला अकरा दिवस होते. शुक्रवार होता. तेओदुलो पाण्याचे नमुने न्यायला आला. हा गेली कित्येक वर्षं प्रयोगशाळेच्या बाटल्या घेऊन यायचा, नळाखाली धरायचा, चिठ्ठ्या चिकटवायचा आणि निघून जायचा. आत कधी आला नव्हता. त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं, म्हणून ओब्दुलियानं त्याला स्वयंपाकघरात बसवलं. गॅसवर पातेलं खदखदत होतं.

"काय शिजवताय, दोन्या?"

"शिजवतेय कुठलं, पाणी आहे. शेजारच्या ब्रिसेइदाच्या बाळाचं. ती शेडवर गेलीय. अजून दोन बोटं आटलं की झालं."

तेओदुलोनं हातातला कप खाली ठेवला. "अजून दोन बोटं म्हणजे?"

"चार आटवायचं ना. तुला कुणी सांगितलं नाही? बारा वर्षं झाली."

"गॅस बंद करा."

"अरे, आत्ता तर कुठं..."

"दोन्या, आधी बंद करा!"

तिनं बंद केला. तो सावकाश बोलायला लागला, अपघाताची बातमी सांगणारे बोलतात तसा. उकळल्यानं जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही, ते मुळात जिवंतच नसतं. "सूप जास्त आटलं की खारट का लागतं? पाणी उडून जातं आणि मीठ तेवढंच राहतं. हे तसंच आहे. जितकं आटवाल तितकं दाट."

ओब्दुलिया पातेल्याकडे बघत उभी होती. "आणि अर्धं आटवलं तर?"

"दुप्पट होणार."

"ते आधीच दुप्पट आहे ना."

"मग चौपट," तेओदुलो म्हणाला. ती कुणाबद्दल विचारतेय हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्यानं मान खाली घातली.

तिनं फाइल काढून त्याच्या पुढ्यात टाकली. "दुसऱ्या पानावर काय लिहिलंय ते वाच." त्यानं वाचलं. सहा महिन्यांखालच्या बाळांना हे पाणी देऊ नये. पाणी उकळू नये, उकळल्यानं नायट्रेट वाढतं. तिनं खालची नोटीस पुढं केली. त्यातही तेच. त्याच्या खालच्या नोटिशीतही तेच. बत्तीस नोटिशी होत्या, तारखेप्रमाणे नीट लावलेल्या. त्यातली एक न एक तिनं काउंटीच्या टेबलावर आपटली होती.

ती रडली नाही. तिला नुसती भीती वाटली, लहानपणी काही मोडलं की वाटायची तसली, कुणीतरी आता आत येईल आणि बघेल अशी. मग तिनं ब्रिसेइदाच्या बाळाचं पाणी मोरीत ओतलं आणि पातेलं दोनदा घासलं.

शनिवारी ती लेदेस्माच्या ऑफिसात गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. लेदेस्मानं दार लावून घेतलं.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला, तेओदुलोला, आणि आता तुला."

"मग सुनावणीपर्यंत तेवढ्यांतच राहू दे. ऐका माझं, दोन्या. पाच जण आहेत. दोन आपल्या बाजूचे, दोन गोठेवाल्यांचे, पाचव्या म्हाताऱ्याचं तळ्यात-मळ्यात चाललंय. तुम्ही हे बोललात की ते काय म्हणतील माहितेय? पाण्याचा दोष नाही, ह्या बायकांनाच अक्कल नाही. संपलं मग. तुमच्या हयातीत ती लाइन येत नाही."

"आणि लोक उकळतायत ते?"

"ज्यांच्या घरी बाळं आहेत त्यांना सीलबंद बाटल्या देऊ. मी आजच सोय करते. कारण मात्र सांगायचं नाही."

"आणि नेरेइदा? तिला तिची सासू रोज सोलून काढतेय."

बाई वाईट नव्हती. "थोडेच दिवस आहेत, दोन्या," लेदेस्मा म्हणाली. "मत पडलं की त्याच संध्याकाळी तुम्ही तिला सांगा. मी तुमच्या शेजारी उभी राहीन."

ओब्दुलियाला ते पटलं. पटलं हेच वाईट. आठ वर्षं पाइप पाइप करता करता तिला वाटायला लागलं होतं की पाइप आला की बाकीचं सगळं आपोआप धुऊन निघेल. तिनं चार घरी बाटल्या पोचवल्या. का म्हणून विचारलं तर "वाटल्या जातायत, घे गुमान," असं म्हणाली. दोन्या ओब्दुलिया म्हणतेय म्हटल्यावर पुढं कुणी विचारलंच नाही.

रविवारी प्रार्थना संपल्यावर एलादिओ चर्चच्या पायरीशी टोपी हातात घेऊन उभा होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. सगळे पुढं जाईपर्यंत तो थांबला.

"दोन्या, तुम्ही माझ्याशी खोटं बोलणार नाही म्हणून तुम्हाला विचारतो. आई म्हणते हिनं पाणी नीट उकळलं नाही. ही म्हणते उकळलं. मी तर दिवसभर ट्रॅक्टरवर, मी काही बघितलेलं नाही. तुम्ही सांगा. पाणी नीट उकळलं असतं तर वाचली असती का माझी पोर?"

एवढं सरळ तिला आयुष्यात कुणी काही विचारलं नसेल. आणि उत्तरही सरळ होतं. अरे, नीट उकळलं म्हणूनच गेली. तुझी बायको सांगितलं त्याच्याहून नीट वागली म्हणून गेली, आणि सांगितलं होतं मी. ते शब्द ओब्दुलियाच्या ओठांपर्यंत आले. मग तिला ते पाच सुपरवायझर दिसले, तळ्यात-मळ्यात करणारा म्हातारा दिसला.

"देवाच्या मनात काय होतं ते कोण सांगणार, एलादिओ?"

देवाच्या गळ्यात घातलं आणि सुटली! एलादिओनं तिच्या तोंडाकडे बघितलं. मग "कळलं," म्हणाला आणि टोपी डोक्यावर चढवली. त्याला काय कळलं ते सोमवारी सगळ्यांना समजलं. चेरीच्या तोडीला उत्तरेत वॉशिंग्टन राज्याकडे निघालेल्या टोळीच्या गाडीत बसून तो गेला. आदल्या रात्री बायकोला "दोन्याला विचारलं," एवढंच म्हणाला होता, जातो म्हणून सांगितलं नाही. नेरेइदाचा फोन त्यानं त्या दिवशी उचलला नाही आणि नंतरही नाही.

नेरेइदा ओब्दुलियाकडे आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "माद्रिना, मी खरंच कमी उकळलं असेन का गं? एखाद्या दिवशी? झोपेत?"

"नाही, नाही. कमी उकळलं नाहीस तू," ओब्दुलिया म्हणाली. शब्दानं पाहिलं तर खोटं नव्हतं.

सुनावणीच्या सकाळी साठेक माणसं दिवसाची मजुरी सोडून दोन बसमधून काउंटीच्या सभागृहात गेली. आत एवढी थंडी सोडली होती की म्हाताऱ्या माणसांनी शाली गुंडाळल्या. प्रत्येकाला बोलायला दोन मिनिटं. संपली की लाल दिवा लागायचा आणि माइक बंद व्हायचा. दुभाष्या कोपऱ्यात बसून आमचं इंग्रजीत आणि त्यांचं आमच्या भाषेत करत होता. मारेलीचे फोटो जागोजागी वर धरलेले होते, आणि समोर पाच जण ते दिसू नयेत म्हणून कागद वाचत होते.

ओब्दुलिया बोलली. फाइल तिनं आणली होती, पण ह्या वेळी आपटली नाही, नुसती टेबलावर ठेवली. आठ वर्षं, नव्वद घरं, दोन मैल. उकळण्याबद्दल अवाक्षर नाही. दिवा लागला, टाळ्या पडल्या, ती येऊन लेदेस्माच्या शेजारी बसली.

मग नेरेइदा उभी राहिली. तिनं मुलीचं नाव सांगितलं, वय सांगितलं, निळे ओठ सांगितले. तो पाचवा म्हातारा चष्मा काढून पुसायला लागला. लेदेस्मानं ओब्दुलियाचा गुडघा हलकेच दाबला. ह्याचं मत आलं म्हणून समजा, असा त्याचा अर्थ होता.

म्हाताऱ्यानं चष्मा पुन्हा चढवला आणि मऊ आवाजात विचारलं, "मुली, फार वाईट झालं. एवढंच सांग, बाळाच्या दुधाचं पाणी तू कसं करायचीस?"

दुभाष्यानं सांगितलं. नेरेइदा ताठ झाली. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणी तिला हे टोमण्याच्या सुरात न विचारता नीट विचारत होतं. "उकळून, साहेब. आमच्याकडे चार बोटं आटवतात. मी तर अर्धं आटवायचे. रोज. गॅसचं बिल आणून दाखवते, पाहिजे तर."

पलीकडच्या ओळीत गोठेवाल्यांचा इंजिनिअर कोटाचं बटण लावत उठला. त्याच्या हातात एक कागद होता. ओब्दुलियानं लांबूनच ओळखला. नोटिशीचं दुसरं पान. "अध्यक्ष महाराज, याच मुद्द्यावर थोडं स्पष्टीकरण..."

म्हणजे आता हा माणूस सांगणार. ह्या पोरीला, तिच्या लेकीचा फोटो हातात असताना, साठ माणसांसमोर, दुभाष्याच्या तोंडून. ओब्दुलिया उठली. लेदेस्मानं तिची बाही पकडली. "बसा खाली. मी सावरते."

"तू काय सावरणार गं!" तिनं हात हिसडला. आणि मग ती ओरडली, माइक नाही, दिवा नाही, आपल्या भाषेत. "हिला मी शिकवलंय ते! ऐका सगळे. उकळून हे विष कमी होत नाही, वाढतं. चार बोटं मी शिकवली. मला कळत नव्हतं, पण शिकवलं मीच. ह्या पोरीनं काही कमी केलं नाही. माझं हिनं जेवढं ऐकलं तेवढं तुमच्यात कुणी ऐकलं नाही, म्हणून हिची लेक गेली!"

अध्यक्ष हातोडी आपटत होता. तुमची दोन मिनिटं झाली, बाई, तुमची वेळ संपली. दुभाष्या तोंड उघडं टाकून बसला होता, त्यानं एक शब्द पलीकडं पोचवला नाही. त्यामुळे त्या पाच जणांना काय झालं ते कळलं नाही. लास मोरासच्या माणसांना मात्र शब्दन् शब्द कळला. पोलिसानं ओब्दुलियाच्या कोपराला धरून तिला बाहेर नेलं, आणि दार लागता लागता तिला तो इंजिनिअर शांतपणे कागद वाचून दाखवताना ऐकू आला.

मतं तीन विरुद्ध दोन पडली. पाइपलाइनचा विषय आणखी अभ्यासासाठी पुढं ढकलला. शिवाय रहिवाशांच्या घरगुती सवयी सुधाराव्यात म्हणून एक माहितीपत्रक छापायचं ठरलं, आणि ते मात्र एकमतानं.

बाहेर डांबर तापून मऊ झालं होतं. माणसं तिच्या बाजूनं जाऊन बसमध्ये चढत होती. कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. रुफिनानं छातीवर क्रुसाची खूण केली आणि तोंड फिरवलं. सगळ्यांत शेवटी नेरेइदा आली. ती तिच्यासमोर उभी राहिली.

"तुम्हाला कधी कळलं?"

जन्मात कधी नेरेइदानं तिला तुम्ही म्हटलं नव्हतं. "शुक्रवारी. अकरा दिवस झाले."

"म्हणजे एलादिओनं रविवारी विचारलं तेव्हा माहीत होतं."

"होतं."

"मी तुमच्या खुर्चीत बसून विचारलं तेव्हा?"

"होतं गं. पाइपसाठी म्हणून मी..."

"कुठाय पाइप?" नेरेइदा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. खरंच विचारत असल्यासारखं तिनं ते विचारलं आणि बसमध्ये जाऊन बसली. ओब्दुलिया मागच्या बसनं आली. तिच्या बाजूची जागा रिकामी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती घराबाहेर पडली. निदान पाणी तरी उकळू देणार नाही, एवढंच डोक्यात होतं. सभागृहात साठ माणसं होती, पण वस्तीत चारशे, आणि सकाळी सकाळी रस्त्यानं चालताना तिला घराघरांतून पातेल्यांच्या झाकणांचे आवाज येत होते.

पहिल्या दारात ब्रिसेइदा उभी राहिली, कडेवर बाळ. "काल म्हणता उकळा, आज म्हणता उकळू नका. उद्या काय, गटारातलं प्या म्हणाल?" आणि दार लावलं. दुसऱ्या घरातला म्हातारा हसला. "दोन्या, तुम्ही घरी जाऊन पडा. त्या वकिलीणीनं तुमच्या तोंडी काहीतरी घातलंय, आम्हाला समजत नाही होय?" तिसऱ्या घरात दोन पोरांची आई होती, तिसरं पोटात. तिनं सगळं ऐकून घेतलं, आदरानं खुर्ची दिली, आणि ओब्दुलियाच्या डोळ्यांदेखत पातेलं गॅसवर चढवलं. "माझी दोन्ही पोरं ह्याच पाण्यावर मोठी झाली, दोन्या. तुम्हीच शिकवलंत. तुम्ही थकलायत आता, म्हणून असं वाटतंय तुम्हाला."

"अगं, मी हात जोडते. बंद कर तो."

"करते हं. चार बोटं झाली की करते."

ओब्दुलियानं सांगितलेलं लोकांनी बारा वर्षं घट्ट धरलं होतं, आणि आता ते सुटत नव्हतं. ती जाळीच्या दाराशी तशीच उभी राहिली. तेवढ्यात मागून कुणीतरी पायऱ्या चढून आलं.

"बाजूला व्हा, बाई," नेरेइदा म्हणाली.

ती उंबऱ्याच्या आत गेली. केस विंचरलेले नव्हते, अंगावर कालचेच कपडे होते. तिनं पातेल्याकडे बघितलं, मग त्या बाईच्या पोटाकडे. "मारेली उकळलेल्या पाण्यानं गेली," ती म्हणाली. "जितकं जास्त आटवलं तितकं जास्त विष. मी दिवसातून सहा वेळा पाजलं. माझ्या हातानं पाजलं."

त्या बाईनं पोटावर हात ठेवला. दुसऱ्या हातानं गॅस बंद केला. मग पातेलं उचलून मोरीत ओतलं आणि ओट्याला धरून रडायला लागली.

बाहेर आल्यावर ओब्दुलिया तिच्या मागं जवळजवळ पळतच गेली. "तू असं नको बोलूस. तू पाजलंस, असं नको बोलूस! मी शिकवलं म्हण. दारोदार सांग, ह्या म्हातारीनं शिकवलं. तुझा काय दोष त्यात?"

नेरेइदा पुढच्या घराच्या फाटकाशी थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "तुमचं ऐकून कुणी गॅस बंद करत नाही," ती म्हणाली. "माझं ऐकून करतात."

तिनं फाटक उघडलं. "तुम्ही नुसत्या माझ्या मागं उभ्या राहा. कुणी विचारलं तर खरं आहे म्हणायचं. दुसरं काही बोलायचं नाही."

मग तिनं दार वाजवलं. आतून पावलं आली, साखळी निघाली, आणि नेरेइदानं पुन्हा पहिल्या शब्दापासून सांगायला सुरुवात केली.